स्पॅनिश विमा करार इंग्रजीत आणताना : कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

आज काम हाती आले. स्पेनच्या आलिकान्ते प्रांतात समुद्रकिनारी फ्लॅट घेतलेल्या एका ब्रिटिश दांपत्याच्या दोन पॉलिसी आहेत. एक घराची, ज्यात आग, पाणी, चोरी, काच, दायित्व असे सगळे एकत्र असते, आणि दुसरी गृहकर्जाला जोडलेली आयुर्विम्याची. इंग्लंडमधील त्यांचे वकील भाषांतर वाचणार असल्याने इंग्रजी ब्रिटिश वळणाचे हवे आहे. एकूण १९,४०० शब्द, शब्दाला तीन रुपये, मुदत बारा दिवसांची. तपासणीसाठी पुण्यातल्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारले. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो, आणि वीस वर्षे त्यांनी स्पॅनिश करारच केले आहेत. त्यांचे सहा हजार रुपये माझ्या मानधनातून जातील.

आज एकही ओळ भाषांतरित केली नाही. स्पेनचा विमा करार कायदा, म्हणजे ८ ऑक्टोबर १९८० चा ५०/१९८० क्रमांकाचा कायदा, छापून घेतला आणि पॉलिसीतील प्रत्येक कलमासमोर त्या कायद्याचे कलम पेन्सिलीने लिहीत गेले. पॉलिसीतील निम्मीअधिक वाक्ये कायद्यातून जशीच्या तशी उचललेली असतात, त्यामुळे शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधण्यापूर्वी कायद्यात शोधावा लागतो. पूर्ण दिवस गेला, पण पुढच्या दोन आठवड्यांत हेच कागद सर्वांत जास्त वेळा उघडले.

४ फेब्रुवारी

पहिली चूक पहिल्याच पानावर झाली. 'तोमादोर' (करार करणारा) आणि 'आसेगुरादो' (ज्याच्यावर जोखीम आहे तो) हे दोन्ही शब्द मी 'द इन्शुअर्ड' असे केले, कारण घराच्या पॉलिसीत दोन्ही रकान्यांत त्याच नवराबायकोची नावे होती. दुपारी आयुर्विम्याची पॉलिसी उघडली तेव्हा चूक दिसली. तिथे तोमादोर एकटा नवरा आहे, आसेगुरादो दोघेही आहेत, आणि लाभार्थी म्हणून थकित कर्जाच्या रकमेपुरती बँक, तर उरलेल्या रकमेसाठी हयात जोडीदार आहे. करार करणारा आणि ज्याच्यावर जोखीम आहे तो, अशी ही दोन वेगळी माणसे असू शकतात. कायद्याच्या सातव्या कलमानुसार करारातली कर्तव्ये तोमादोरवर असतात, आणि जी स्वभावतःच आसेगुरादोने पार पाडायची असतात तेवढीच त्याच्याकडे जातात. हे दोघे इंग्रजीत एक झाले, तर हप्ता कोणी भरायचा हेच वाचणाऱ्याला कळणार नाही. तोमादोरसाठी 'पॉलिसीहोल्डर' आणि आसेगुरादोसाठी 'इन्शुअर्ड' असे ठरवले आणि सकाळची अकरा पाने पुन्हा केली.

दुसरी चूक अधिक खोलवरची होती, आणि ती आपल्याकडच्या सवयीतून आली. 'बेनेफिसियारिओ', म्हणजे लाभार्थी, या शब्दासाठी माझ्या हातून सहज 'नॉमिनी' लिहिले गेले. आपण एलआयसीच्या अर्जावर लहानपणापासून तोच शब्द पाहतो. परंतु आपल्याकडे १९३८ च्या विमा अधिनियमाच्या ३९व्या कलमाखालचा नॉमिनी हा मुळात पैसे स्वीकारणारा माणूस असतो. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वारसांच्या वतीने रक्कम घेतो असे स्पष्ट केले होते, आणि आईवडील, जोडीदार व मुले यांच्यापुरती ती स्थिती २०१५ च्या दुरुस्तीने बदलली. स्पॅनिश कायद्याचे ८८वे कलम मात्र म्हणते की विम्याची रक्कम लाभार्थ्यालाच द्यायची, तोमादोरच्या कायदेशीर वारसांनी किंवा धनकोंनी कितीही हक्क सांगितला तरी. इंग्लंडच्या वकिलाला 'नॉमिनी' म्हणजे दुसऱ्यासाठी नाव लावून ठेवणारा माणूस वाटला असता, आणि बँकेचा हक्क कागदावर नाहीसा झाला असता. शब्द 'बेनिफिशियरी' असा केला. आपल्या देशातल्या विमा व्यवहाराची इंग्रजी आपल्याला इतकी सवयीची असते की ती दुसऱ्या देशाच्या करारात शिरताना आवाज करत नाही, म्हणून असे शब्द मी एका वेगळ्या कागदावर लिहायला घेतले.

६ फेब्रुवारी

आज जे घडले ते शब्दांचे नव्हते, ठळक अक्षरांचे होते.

मूळ फाइल स्कॅन केलेली पीडीएफ होती. तिच्यातला मजकूर ओळखून घेऊन मी कॅट टूलमध्ये, म्हणजे भाषांतराला मदत करणाऱ्या संगणक प्रणालीत, भरला आणि दोन दिवस काम केले. आज मूळ पानाशी ताडून पाहिले, तर मूळ कागदावर काही वाक्ये ठळक अक्षरांत होती आणि माझ्या फाइलमध्ये सगळे सारखेच झाले होते. एरवी ही मांडणीची बाब म्हणून शेवटी उरकली असती. परंतु स्पॅनिश कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार विमेदाराचे हक्क मर्यादित करणारी कलमे विशेष रीतीने उठून दिसली पाहिजेत आणि त्यांना लेखी स्वरूपात वेगळी स्वीकृती मिळाली पाहिजे. तसे नसेल तर ती कलमे विमेदाराविरुद्ध चालत नाहीत. जोखमीची व्याप्ती ठरवणारी कलमे आणि हक्क मर्यादित करणारी कलमे यांच्यातली सीमारेषा स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ सप्टेंबर २००६ च्या निकालात आखून दिली, आणि त्यावरचे वाद आजही न्यायालयांत येत असतात. अशा वादात कोणते वाक्य ठळक छापले होते हा पुरावाच असतो. माझ्या भाषांतरात तो पुरावा पुसला गेला होता.

मजकूर पुन्हा एकदा दुसऱ्या पद्धतीने ओळखून पाहिला. त्यात ठळक अक्षरे आली खरी, पण शीर्षके आणि कलमे यांची सरमिसळ झाली. शेवटी मूळ कागद छापून पिवळ्या पेनाने प्रत्येक ठळक वाक्य रंगवले आणि वर्डच्या फाइलमध्ये एकेक करून हाताने ठळक केले. दीड दिवस गेला. भाषांतरकाराच्या टिपेत 'ठळक अक्षरे मूळ दस्तऐवजाप्रमाणे' असे एक वाक्य घातले. शेवटच्या पानावर, जिथे पतिपत्नीची वेगळी सही आहे, तिथे मी 'अप्रूव्ह्ड' लिहिले होते. ते कायद्याच्या भाषेप्रमाणे 'स्पेसिफिकली अॅक्सेप्टेड इन रायटिंग' असे केले.

जो कोणी असे काम घेईल त्याने फाइल टूलमध्ये टाकण्याआधी एक पान मूळ कागदाशी डोळ्यांनी ताडावे. दहा मिनिटांच्या त्या कामाने माझा दीड दिवस वाचला असता.

८ फेब्रुवारी

'सिनिएस्त्रो'. दोन्ही पॉलिसी मिळून हा शब्द १४३ वेळा आला आहे.

टूलने पहिल्या दिवसापासून सुचवलेला प्रतिशब्द 'क्लेम' होता, आणि मी तो साठ ठिकाणी स्वीकारलाही होता. आज दायित्वाच्या भागाशी पोहोचले आणि अडले. तिथे एकाच वाक्यात 'सिनिएस्त्रो'ही आहे आणि 'रेक्लामासिओन'ही. पहिला म्हणजे घडलेली घटना, उदाहरणार्थ गॅलरीतून कुंडी पडून खालच्या माणसाला लागणे. दुसरा म्हणजे त्या माणसाने नंतर मागितलेली भरपाई. त्या कलमाचा सगळा मुद्दाच असा की घटना पॉलिसीच्या काळात घडली की मागणी पॉलिसीच्या काळात आली, यांपैकी कशावर संरक्षण अवलंबून आहे. कायद्याच्या ७३व्या कलमात या दोन तारखांवर कंपनी कोणत्या मर्यादा घालू शकते हे ठरवून दिले आहे. माझ्या इंग्रजीत दोन्ही शब्द 'क्लेम' झाले होते, त्यामुळे वाक्याचा अर्थ 'क्लेम झाल्यावर क्लेम आला तर' असा काहीतरी होत होता. वाचणाऱ्याला तो माझा व्याकरणदोष वाटला असता, आणि कलमातला खरा भेद त्याच्या हाती कधीच लागला नसता.

ताईंना फोन केला. मी विचारले, "ताई, सिनिएस्त्रोला तुम्ही काय लिहिता?" त्या म्हणाल्या, "एक शब्द मागू नकोस. त्या वाक्यात काय झालंय ते सांग. काही पडलंय, की कोणी पैसे मागितलेत, की कंपनीत फाइल उघडली आहे?" मग मी एकेक वाक्य वाचून दाखवले आणि तासाभरात त्यांचे चार गट झाले.

नुकसान घडले आहे अशा ठिकाणी, म्हणजे आग, गळती, चोरी यांच्या कलमांत, 'लॉस'. पॉलिसीने संरक्षण दिलेली घटना असा व्याख्येतला अर्थ असेल तिथे, आणि आयुर्विम्यात जिथे मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व अभिप्रेत आहे तिथे, 'इन्शुअर्ड इव्हेंट', कारण मृत्यूला 'लॉस' म्हणणे करारात चुकीचे आणि वाचायला निष्ठुर झाले असते. दायित्वाच्या भागात 'ऑकरन्स', म्हणजे 'क्लेम' हा शब्द रेक्लामासिओनसाठी मोकळा राहतो. कंपनीच्या कार्यालयातली प्रक्रिया असेल, उदाहरणार्थ प्रकरण हाताळणारा कर्मचारी किंवा प्रकरणाचा क्रमांक, तिथे मात्र 'क्लेम्स' हाच शब्द बरोबर.

सात दिवसांचे कलमही याच गोंधळात सापडले होते. कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार घटना कळल्यापासून सात दिवसांत कंपनीला ती कळवायची असते, पॉलिसीत याहून मोठी मुदत दिलेली नसेल तर. मी लिहिले होते की क्लेम सात दिवसांत करावा. त्यावरून वाचणाऱ्याला वाटले असते की आठव्या दिवशी हक्कच संपतो. प्रत्यक्षात उशीर झाल्यास कंपनी त्या उशिरामुळे झालेले नुकसान मागू शकते. हक्क गमावण्याची बाब वेगळी आहे, आणि ती माहिती दडवण्यात लबाडी किंवा घोर निष्काळजीपणा असेल तरच लागू होते. पैसे मागण्याची मुदत तर याहून कितीतरी लांब आहे. तेविसाव्या कलमानुसार मालमत्तेच्या विम्यात दोन वर्षे आणि व्यक्तीच्या विम्यात पाच वर्षे. त्या मुदतीला स्पॅनिशमध्ये 'प्रेस्क्रिप्सिओन' म्हणतात. इंग्रजीत 'प्रिस्क्रिप्शन' लिहिले तर डॉक्टरची चिठ्ठी डोळ्यांसमोर येते, म्हणून 'लिमिटेशन पीरियड'.

साठ जागा दुरुस्त करायला रात्रीचे दोन वाजले. टूलमधील 'सगळीकडे बदला' हे बटण वापरले नाही, कारण प्रत्येक वाक्य वाचूनच गट ठरत होता.

९ फेब्रुवारी

'फ्रान्किसिया' म्हणजे नुकसानीतला जो भाग विमेदाराने स्वतः सोसायचा तो. ब्रिटिश वाचकासाठी 'एक्सेस', अमेरिकन असता तर 'डिडक्टिबल'. 'फ्रँचाइज' हा शब्द येथे दुप्पट घातक आहे. दुकानाची फ्रँचाइज हा एक गैरसमज झाला, पण इंग्रजी सागरी विम्यात 'फ्रँचाइज' हा खरोखरच एक पारिभाषिक शब्द आहे आणि त्याचा अर्थ वेगळा आहे : नुकसान ठरलेल्या पातळीच्या खाली असेल तर काहीच मिळत नाही, वर गेले तर सगळेच मिळते. एक्सेसमध्ये तो भाग प्रत्येक वेळी कापलाच जातो. म्हणजे तीनशे युरोंच्या फ्रान्किसियावर हजाराचे नुकसान झाले तर या पॉलिसीत सातशे मिळतील, आणि चुकीच्या शब्दाने वाचणाऱ्याला पूर्ण हजारांची अपेक्षा लागेल.

आकड्यांची एक नोंद येथेच करते. स्पॅनिशमध्ये हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो. टूलने बहुतेक आकडे आपोआप उलटे केले, पण तक्त्यातले चित्र म्हणून आलेले आकडे तसेच राहिले. काचेच्या संरक्षणाची मर्यादा १.५०० युरो होती. ती तशीच गेली असती तर दीड युरो वाचली गेली असती. सर्व तक्ते हाताने टंकले.

११ फेब्रुवारी

आज एकाच इंग्रजी शब्दाने दोन दिशांनी फसवले, आणि हे मी आधी कुठेच वाचले नव्हते.

घरगुती उपकरणांच्या बिघाडाच्या भागात 'आवेरिया' हा शब्द आहे. फ्रिज बंद पडला, धुलाई यंत्र अडकले, असा त्याचा साधा अर्थ. परंतु माझ्या ट्रान्सलेशन मेमरीत, म्हणजे टूलने जपून ठेवलेल्या जुन्या भाषांतरांच्या साठ्यात, दोन वर्षांपूर्वीच्या एका सागरी मालाच्या पॉलिसीतून 'आवेरिया' म्हणजे 'अॅव्हरेज' अशी जोडी बसलेली होती, आणि सागरी विम्यात ती बरोबरही आहे, कारण जहाज वाचवण्यासाठी समुद्रात टाकलेल्या मालाची तूट सर्वांनी वाटून घेण्याला तिथे 'जनरल अॅव्हरेज'च म्हणतात. त्यामुळे फ्रिजच्या कलमात 'अॅव्हरेज' येऊन बसले. ते 'ब्रेकडाउन' केले.

दोन पानांनंतर 'रेग्ला प्रोपोर्सिओनाल' आली, आणि तिला ब्रिटिश विमा व्यवहारात जो शब्द आहे तो नेमका 'अॅव्हरेज'. कायद्याचे तिसावे कलम सांगते की वस्तू खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेला विमित केली असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी मिळते. घरातले सामान साठ हजार युरोंचे, विमा चाळीस हजारांचा, आणि पाणी शिरून नऊ हजारांचे नुकसान झाले, तर कंपनी सहा हजार देते. विमा रकमेच्या आत नुकसान असूनही तीन हजार स्वतःचे जातात, आणि बहुतेकांना हे दाव्याच्या वेळीच कळते. वकिलाला 'अॅव्हरेज' पुरेल, पण ते नवराबायकोही वाचतील, आणि त्यांना तो शब्द 'सरासरी' वाटेल. म्हणून शीर्षक 'अंडरइन्शुअरन्स' असे ठेवले आणि कलमाच्या मजकुरात प्रमाणशीर कपातीचे वाक्य पूर्ण लिहून 'अॅव्हरेज' हा शब्द एकदाच दिला. मेमरीतल्या जुन्या जोडीवर 'फक्त सागरी' अशी खूण केली. खरे तर ती खूण दोन वर्षांपूर्वीच करायला हवी होती.

१३ फेब्रुवारी

चोरीच्या भागात 'रोबो' आणि 'उर्तो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यातला फरक स्पेनच्या दंडसंहितेतून येतो. कुलूप फोडून, खिडकीतून शिरून किंवा माणसाला धमकावून नेले तर रोबो. कोणतीही बळजबरी न करता उचलून नेले तर उर्तो. या पॉलिसीत रोबोला पूर्ण संरक्षण आहे, उर्तोला ठराविक मर्यादेपर्यंत, आणि रोख रकमेच्या उर्तोला अजिबात नाही. मी सुरुवातीला रोबोला 'थेफ्ट' आणि उर्तोला 'पिल्फरेज' केले होते. पण इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यात 'थेफ्ट' हा सर्वांत व्यापक शब्द आहे, त्यात उर्तोही येते. मग रोबोला 'बर्गलरी' करून पाहिले. तेही जमले नाही, कारण तिकडे बर्गलरीसाठी चोरीच्या हेतूने परक्या जागेत बेकायदा शिरणे पुरते, काही फोडावे लागत नाही. उघड्या दारातून चोर आत आला तर तो इंग्लंडमध्ये बर्गलर ठरेल, पण या पॉलिसीत तो उर्तो करणारा ठरेल.

एकही शब्द पुरेना तेव्हा शब्दाचा हट्ट सोडला. रोबोसाठी 'रॉबरी ऑर थेफ्ट बाय फोर्सिबल एन्ट्री' आणि उर्तोसाठी 'थेफ्ट विदाउट फोर्स ऑर इंटिमिडेशन' असे वर्णन घातले. वाक्ये लांबली, परंतु पॉलिसीच्या व्याख्येशी ती तंतोतंत जुळतात.

१४ फेब्रुवारी

उद्या मुदत संपते आणि चार हजार शब्द बाकी आहेत. पाच दिवस वाढवून मागितले. मानधनात दहा टक्के कपात करून ते मिळाले. ठळक अक्षरांचा दीड दिवस आणि सिनिएस्त्रोचे दोन दिवस मी अंदाजात धरले नव्हते, त्यामुळे कपात मला मान्य आहे.

१६ फेब्रुवारी

करार संपण्याचे शब्द. स्पॅनिश पॉलिसीत 'रेसिन्दिर', 'रेसोल्वेर', 'नुलो', 'सुस्पेन्दिदा' आणि 'एक्स्तिंगिदो' हे पाचही येतात, आणि घाईत मी रेसिन्दिरला अकरा ठिकाणी 'रिसिंड' केले होते. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे आहेत, एवढ्यावर विश्वास ठेवला.

दहावे कलम पुन्हा वाचले. विमा घेताना प्रश्नावलीत चुकीची किंवा अपुरी उत्तरे दिली असतील, तर कंपनी ते कळल्यापासून एका महिन्यात करार 'रेसिन्दिर' करू शकते, आणि चालू कालावधीचा हप्ता, कंपनीचीच लबाडी किंवा घोर चूक नसेल तर, कंपनीकडे राहतो. चालू कालावधीचा हप्ता ठेवायचा याचा अर्थ करार इथून पुढे संपतो, मागचा भाग शाबूत राहतो. इंग्रजी कायद्यातले 'रिसिंड' आणि विमा व्यवहारातले 'अव्हॉइड' हे दोन्ही करार मुळापासून नसल्यासारखा करतात. त्या शब्दांनी वाचणाऱ्याला वाटले असते की तीन वर्षांपूर्वीच्या गळतीचे मिळालेले पैसेही परत जातील. म्हणून 'टर्मिनेट'. मुळापासून रद्दबातल असा अर्थ आहे तिथे स्पॅनिश कायदा वेगळा शब्द वापरतोच : करार करतानाच जोखीम उरलेली नव्हती किंवा घटना आधीच घडून गेली होती, तर तो 'नुलो', आणि त्याला 'व्हॉइड' बरोबर बसतो.

हप्ता थकल्याच्या कलमात मेमरीने 'लॅप्स' सुचवले. पंधराव्या कलमानुसार दुसरा किंवा पुढचा हप्ता चुकला तर देय तारखेनंतर एका महिन्याने संरक्षण स्थगित होते, सहा महिन्यांत कंपनीने हप्ता मागितला नाही तर करार संपतो, आणि त्याआधी हप्ता भरला तर भरल्याच्या दिवसापासून चोवीस तासांनी संरक्षण पुन्हा चालू होते. स्थगित झालेले पुन्हा जागे होऊ शकते, 'लॅप्स' झालेले संपलेले असते. पहिल्या टप्प्याला 'सस्पेंडेड', दुसऱ्याला 'एक्स्टिंग्विश्ड'. परदेशात राहणाऱ्या आणि स्पेनमधल्या बँक खात्यातून हप्ता कापला जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे कलम सगळ्या पॉलिसीत महत्त्वाचे आहे. खात्यात शिल्लक नसली तर त्याला काहीच कळणार नाही. तिथे मी तीनदा वाचून पुढे गेले.

१७ फेब्रुवारी

'पेरितो', म्हणजे नुकसान तपासणारा तज्ज्ञ, या शब्दासाठी मी 'सर्वेयर' लिहिले होते. आपल्याकडे गाडीला अपघात झाला की कंपनी सर्वेयर पाठवते, त्याच सवयीने. इंग्लंडमध्ये घराच्या संदर्भात 'सर्व्हेयर' म्हणजे इमारत तपासणारा तंत्रज्ञ. चार तारखेला सुरू केलेल्या कागदावर हा तिसरा शब्द.

कंपनीने नुकसान पाहायला पाठवलेला पेरितो 'लॉस अॅडजस्टर' झाला. परंतु ३८व्या कलमाची प्रक्रिया निराळी आहे. रकमेवर एकमत झाले नाही तर दोन्ही बाजू आपापला पेरितो नेमतात. एकाने नेमला आणि दुसऱ्याने मागणीनंतर आठ दिवसांत नेमला नाही, तर त्याने पहिल्याच्या पेरितोचा अहवाल मान्य केला असे धरले जाते. दोघांचे जमले नाही तर तिसरा येतो, आणि त्यानंतरच्या निर्णयाला कंपनी तीस दिवसांत आणि विमेदार एकशे ऐंशी दिवसांत न्यायालयात आव्हान देऊ शकतो. विमेदाराने नेमलेल्या माणसाला 'लॉस अॅडजस्टर' म्हणणे ब्रिटिश वाचकाला गोंधळात टाकेल, कारण तिकडे अॅडजस्टर कंपनीचा असतो. त्या कलमापुरता 'एक्स्पर्ट' हा शब्द ठेवला आणि आठ दिवसांच्या वाक्याला ताईंसाठी खूण करून ठेवली.

१८ फेब्रुवारी

शेवटचा मोठा भाग, असाधारण आपत्तींचे कलम. स्पेनमध्ये पूर, भूकंप, ज्वालामुखी, दहशतवादी कृत्य यांची भरपाई सहसा खासगी कंपनी देत नाही. 'कोन्सोर्सिओ दे कोम्पेन्सासिओन दे सेगुरोस' ही सरकारी संस्था देते, आणि त्यासाठी प्रत्येक हप्त्यात एक अधिभार असतो. १९४१ मध्ये यादवी युद्धानंतर ती तात्पुरती म्हणून सुरू झाली आणि १९५४ मध्ये कायमची झाली. 'कन्सॉर्टियम' असे भाषांतर केले तर काही कंपन्यांचा गट वाटतो, म्हणून नाव मूळ स्पॅनिशमध्येच ठेवले आणि पहिल्यांदा येते तिथे सरकारी संस्था असल्याचे सांगितले. २९ ऑक्टोबर २०२४ च्या व्हॅलेन्सियाच्या पुरानंतर त्या किनाऱ्यावर घर असलेला प्रत्येकजण हेच कलम प्रथम उघडत असेल, असे मनात धरून मी ते केले.

इथे तीन जागी थांबले. पावसाचे पाणी थेट घरावर पडून किंवा गच्चीवर साठून आत आले तर ते या संस्थेच्या दृष्टीने पूर नव्हे. वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरच्या वर गेले तरच ते असाधारण वादळ. आणि मालमत्तेच्या थेट नुकसानीत सात टक्के फ्रान्किसिया आहे, पण घरे, घरांच्या सोसायट्या आणि विमित वाहने यांना ती लागत नाही. हे अपवादाचे वाक्य मूळ मजकुरात सहा ओळींचे आहे आणि त्याचे क्रियापद शेवटी येते. मी ते दोन वाक्यांत तोडले, कारण तोडल्याशिवाय 'नाही' हा शब्द कशाला लागतो हे इंग्रजीत दिसत नव्हते.

'दियास नातुरालेस' ला मी 'नॅचरल डेज' लिहून गेले होते. ते 'कॅलेंडर डेज'. या कलमातल्या सात दिवसांच्या प्रतीक्षाकाळात शनिवार-रविवारही मोजले जातात, ही बाब तेवढ्या एका शब्दावर अवलंबून आहे.

१९ फेब्रुवारी

ताईंची तपासणी परत आली. सव्वीस खुणा. बहुतेक वाक्यरचनेच्या होत्या, पण दोन महत्त्वाच्या. 'रेस्पोन्साबिलिदाद सिविल' एका शीर्षकात माझ्याकडून 'सिव्हिल रिस्पॉन्सिबिलिटी' राहिले होते, ते 'लायबिलिटी टु थर्ड पार्टीज' झाले. दुसरी खूण 'एन सु कासो' (असल्यास, लागू असल्यास) या तीन शब्दांवर होती. मी सगळीकडे 'इफ अॅप्लिकेबल' लिहिले होते, आणि लाभार्थ्याच्या कलमात ते बँकेच्या हक्काला जोडले गेल्याने तो हक्कच संशयास्पद वाटत होता. ताईंनी समासात लिहिले होते, "इथे बँक आहेच. 'इफ एनी' फक्त उरलेल्या रकमेला लाव." वाक्य तसे फिरवले.

२० फेब्रुवारी

काम दिले. एकूण मानधन ५८,२०० रुपये, कपात ५,८२०, ताईंचे ६,०००, हाती ४६,३८०.

२६ फेब्रुवारी

इंग्लंडच्या वकिलांकडून एकच प्रश्न आला : प्रश्नावलीच्या कलमात मी 'दोलो'ला 'फ्रॉड' म्हटले आहे, तर कंपनीला नुकसान पोहोचवण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो का? प्रश्न योग्य होता. दहाव्या कलमातला दोलो म्हणजे जाणूनबुजून खोटे सांगणे किंवा लपवणे, आणि 'फ्रॉड'ने त्यावर फसवून लाभ मिळवण्याचा जो रंग चढला तो मूळ शब्दात नाही. त्या दोन जागी 'डेलिबरेट मिसरिप्रेझेंटेशन ऑर कन्सीलमेंट' असे करून, कायद्याच्या कलमाचा क्रमांक टिपेत देऊन, दुरुस्त फाइल आज दुपारी पाठवली. ठळक अक्षरे पाठवण्यापूर्वी पुन्हा एकदा मूळ कागदाशी ताडली. दुरुस्त केलेल्या वाक्यांपैकी एक मूळ कागदावर ठळक होते आणि बदल करताना साधे झाले होते.